असेम्ब्ली लाइनच्या प्लॅनिंगमध्ये एमबीएसई वापरावं का, आणि सुरुवात कुठून करावी?

प्रश्न थोडक्यात असा आहे: नवीन प्रॉडक्टसाठी असेम्ब्ली लाइन प्लॅन करायची आहे. सायकल टाइम (एका नगाला स्टेशनवर मिळणारा वेळ) एक्सेलमध्ये, लेआउट कॅडमध्ये, पीएफएमईए (प्रोसेसमध्ये काय चुकू शकतं याचं विश्लेषण) तिसऱ्याच फाइलमध्ये, डिझाइनकडून सतत चेंज येतायत आणि एका चेंजमुळे काय काय हलतं हे दोन-तीन अनुभवी लोकांच्या डोक्यात आहे, लिहिलेलं कुठेच नाही. अशा वेळी एमबीएसई, म्हणजे मॉडेलवर आधारलेलं सिस्टिम्स इंजिनिअरिंग, वापरावं का, त्यासाठीची मॉडेलिंगची भाषा सिसएमएल शिकावी का, की हे विमान आणि उपग्रह बनवणाऱ्यांपुरतंच ठीक आहे? आणि वापरायचं तर पहिलं काम कोणतं?

वापरा. पण लगेच डायग्रॅम काढायला बसू नका, आधी एक सवय बदला. काम वेगळं आणि ते काम जिथे होतं ते स्टेशन वेगळं, या दोन गोष्टी एकमेकांपासून सोडवा. लाइन प्लॅनिंगमध्ये एमबीएसईचा जो काही फायदा आहे त्यातला मोठा वाटा या एका गोष्टीतून येतो असं माझं ठाम मत आहे, बाकीचं तिच्या मागोमाग येतं.

बहुतेक प्रोसेस शीट कशा लिहिलेल्या असतात बघा. "स्टेशन ३०: बेअरिंग प्रेस करणे, सर्क्लिप बसवणे, स्कॅन करणे." इथे काय करायचं आणि कुठे करायचं हे एकाच ओळीत चिकटलं, आणि मग तोच ३० नंबर पीएफएमईएमध्ये जातो, कंट्रोल प्लॅनमध्ये जातो, वर्क इन्स्ट्रक्शनमध्ये, पीएलसीच्या (मशीन चालवणाऱ्या कंट्रोलरच्या) कॉमेंटमध्ये, ट्रेसेबिलिटीच्या (कुठल्या नगावर काय झालं याच्या) डेटाबेसमध्ये जातो. पुढे लाइन परत बॅलन्स करायची, म्हणजे कामं स्टेशनमध्ये सारखी वाटायची वेळ आली, सर्क्लिप ३० वरून ४० वर हलवायची ठरली, की एका ओळीसाठी पाच-सहा डॉक्युमेंट उघडावी लागतात आणि त्यातलं एखादं हमखास राहून जातं. म्हणून मग लोक बॅलन्सिंगच टाळायला लागतात, लाइन चांगली होऊ शकते हे माहीत असूनही, कारण कागद बदलायचा वैताग कोणालाच नको असतो.

गंमत अशी की लाइन बॅलन्सिंगच्या गणितात हा घोळ कधीच नव्हता. साल्व्हेसननी १९५५ मध्ये हा प्रॉब्लेम गणिती भाषेत मांडला तेव्हापासून त्यात कामं आणि त्यांचा क्रम हे इनपुट आहे आणि स्टेशन हे उत्तर आहे. हेल्गेसन आणि बर्नी यांची १९६१ ची रँक्ड पोझिशनल वेट पद्धत अजूनही शिकवली जाते, तीही कामांच्या यादीवरच चालते. सिस्टिम्स इंजिनिअरिंगचंही तेच म्हणणं आहे, सिस्टिमने काय करायचं ते लॉजिकल, कोण आणि कुठे करणार ते फिजिकल, आणि दोन्हींना जोडणारा दुवा म्हणजे ॲलोकेशन. म्हणजे दोन्हीकडची थिअरी एकच सांगते, फक्त शॉपफ्लोअरच्या फाइलींपर्यंत ते पोचलेलं नाही. मॉडेल हे अंतर भरून काढतं.

आता मॉडेलमध्ये काय टाकायचं. प्रॉडक्ट, प्रोसेस आणि रिसोर्स असे तीन कप्पे, ज्याला पीपीआर म्हणतात, हे बहुतेकांना माहीत असतं. पण प्रॉडक्टच्या कप्प्यात लोक अख्खं बीओएम, म्हणजे पार्टची यादी, ओततात आणि तिथेच दमतात. त्याऐवजी जोडांपासून सुरुवात करा. जोड म्हणजे दोन पार्ट जिथे एकमेकांना भेटतात ती जागा: बेअरिंग आणि हाउसिंग, शाफ्ट आणि सील, कव्हर आणि ओ-रिंग. पार्टच्या नाही तर जोडांच्या यादीवरून असेम्ब्लीचे क्रम काढायची कल्पना बुर्जो यांनी १९८४ मध्ये मांडली आणि डी फाझिओ व व्हिटनी यांनी १९८७ मध्ये ती सोपी केली, आणि मला विचाराल तर असेम्ब्ली प्लॅनरच्या हातात यापेक्षा कामाची गोष्ट क्वचितच येते. कारण काम हे जोडावर होतं. पार्ट नुसता बीओएममध्ये असतो, जोड मात्र बनवावा लागतो आणि तपासावाही लागतो.

समजा एक छोटा पंप आहे, हाउसिंग, दोन बेअरिंग, शाफ्टसकट रोटर, शाफ्ट सील, ओ-रिंग, कव्हर, ६ बोल्ट, एक सेन्सर. जोडांची यादी एका बैठकीत होते, डिझाइनवाला शेजारी बसवला तर अजून लवकर. प्रत्येक जोडाला त्याची महत्त्वाची कॅरॅक्टरिस्टिक लावा, प्रेस फिटची इंटरफिअरन्स (बेअरिंग भोकापेक्षा किती मोठं), बोल्टचा टॉर्क, सीलची खोली. मग प्रत्येक जोडासाठी लागणारी ऑपरेशन लिहा, स्टेशन नंबर न देता, नुसता स्वतःचा आयडी देऊन. आता एक साधा नियम लावा: प्रत्येक जोडाला किमान एक ऑपरेशन हवं, आणि प्रत्येक ऑपरेशन एक तर जोडाशी बांधलेलं हवं नाहीतर एखाद्या रिक्वायरमेंटशी. टेस्टिंग, मार्किंग, धुणं, स्कॅनिंग ही कामं जोडाशी बांधली जात नाहीत, त्यांना रिक्वायरमेंट दाखवावी लागते. जुन्या लाइनवरून कॉपी होत आलेली, आता कोणालाच कारण माहीत नसलेली कामं या नियमात पटकन उघडी पडतात, आणि तितका वेळ फुकटात वाचतो.

यानंतर क्रम येतो, आणि मॉडेलिंगचा वेळ सगळ्यात जास्त इथे द्या असं मी सांगेन. प्रिसिडन्स डायग्रॅममध्ये बाण असतात, अ नंतर ब. पण बाण का आहे ते लिहिलेलं नसतं. बाणाची कारणं वेगवेगळी असतात, कव्हर लागल्यावर आतला बोल्ट दिसतच नाही हे भूमितीचं कारण, सील बसवण्याआधी त्याचं भोक (बोअर) साफ हवं हे क्वालिटीचं, आणि "ऑपरेटरचा हात तिथेच असतो म्हणून" हे सोयीचं. पहिलं मोडता येत नाही, दुसरं पर्याय दिला तर मोडता येतं, तिसरं तर मोडायलाच हवं. मॉडेलमध्ये प्रत्येक बाणाला कारणाचा प्रकार आणि कारण सांगणाऱ्या माणसाचं नाव लावलं की बॅलन्सिंगच्या वेळी कुठले बाण वाटाघाटीला खुले आहेत ते लगेच कळतं, आणि प्रत्येक बाण काढला की शक्य क्रम वाढतात, म्हणजे बॅलन्सिंगला जागा मिळते.

काही नाती तर बाणात बसतच नाहीत. याचं उदाहरण नीट बघण्यासारखं आहे. हाउसिंग गरम करून त्यात बेअरिंग बसवलं आणि पुढे प्रेशर डिके पद्धतीने, म्हणजे आत हवा भरून प्रेशर किती उतरतं ते बघून, लीक टेस्ट आहे. बाण म्हणतो बेअरिंग आधी, टेस्ट नंतर, झालं. पण बंद जागेतल्या हवेचं प्रेशर तापमानाबरोबर हलतं. टेस्ट १ बार गेजवर, म्हणजे बाहेरच्या हवेपेक्षा १ बार जास्त प्रेशरवर असेल तर ॲब्सोल्यूट प्रेशर साधारण २०० किलोपास्कल, खोलीचं तापमान २९३ केल्विन, म्हणजे हवा १ अंशाने थंड झाली तरी प्रेशर साधारण ६८० पास्कलने उतरतं. अशा टेस्टमध्ये पास-फेलची मर्यादा बरेचदा काही दहा किंवा शंभर-दोनशे पास्कल असते. म्हणजे कोमट पार्ट टेस्टमध्ये थंड होत असेल तर चांगला पार्टही फेल दिसणार. उलट थंड गोदामातून आलेला पार्ट टेस्टच्या वेळी गरम होत असेल तर खरं लीक झाकलं जाणार, आणि हे जास्त धोक्याचं, कारण फेल झालेला पार्ट निदान कोणीतरी परत बघतं.

म्हणजे खरं नातं "नंतर" असं नाहीच, "पार्टचं तापमान अमुक मर्यादेत आल्यावर" असं आहे. ते कन्स्ट्रेंट, म्हणजे अट म्हणून लिहा. आणि लिहिलं की लगेच पुढचा प्रश्न उभा राहतो, थंड व्हायला किती वेळ. समजा १२ मिनिटं, आणि लाइनचा सायकल टाइम ५१ सेकंद. लिटल्स लॉ लावा, थांबायचा वेळ भागिले सायकल टाइम, ७२० भागिले ५१, म्हणजे कुठल्याही क्षणी १४ पेक्षा थोडे जास्त, धरून चला १५ पंप नुसते थंड होत उभे. पॅलेटचा पिच (दोन पॅलेटमधलं अंतर) अर्धा मीटर असेल तर साडेसात मीटर कन्व्हेअर आणि १५ जास्तीचे पॅलेट. बॅलन्सिंगच्या शीटमध्ये याचा मागमूसही नसतो, कारण थंड होण्यात कोणाचंच काम नाही, वेळ शून्य! हा विषय लेआउट फायनल झाल्यावर निघाला तर साडेसात मीटर आणायचे कुठून, एवढी जागा नंतर कोणी देत नाही. मॉडेलमध्ये तो तापमानाच्या कन्स्ट्रेंटमधून पहिल्याच महिन्यात निघतो, आणि त्यातून कूलिंग टनेल घ्यायचा, गरम न करता नुसतं प्रेस करायचं की टेस्टची पद्धत बदलायची अशी चर्चा वेळेवर होते.

आता आकडे. पंपाचंच पुढे नेतो. शिफ्टमध्ये ब्रेक वजा जाता ४५० मिनिटं आहेत, मागणी ४५० नग, म्हणजे टॅक्ट (मागणी पुरवायला दर नगामागे मिळणारा वेळ) ६० सेकंद. लाइनची एकूण कार्यक्षमता ८५ टक्के धरली तर प्लॅनिंगचा सायकल टाइम ५१ सेकंद. सगळ्या कामांची बेरीज ४०८ सेकंद असेल तर कमीत कमी ८ स्टेशन, पण तितकं चपखल कधी बसत नाही, ९ होतात, बॅलन्स (स्टेशनच्या एकूण वेळेतला कामात जाणारा भाग) साधारण ८९ टक्के, ठीक आहे. हे सगळं एक्सेलमध्येही होतं आणि त्यासाठी मॉडेल लागत नाही हे मान्य. प्रश्न त्या ८५ चा आहे. तो कुठून आला? कोणीतरी मागच्या लाइनवरून उचललेला असतो. आता ९ स्टेशन एकामागोमाग, मध्ये बफर नाही, प्रत्येकाची उपलब्धता ९८ टक्के, ऐकायला उत्तम वाटते, पण नऊ वेळा गुणली की ८३ ते ८४ टक्के उरतात, आणि त्यात अजून रिजेक्शन किंवा छोटे स्टॉपेज धरलेलेच नाहीत. म्हणजे ५१ चा पायाच हलला. मॉडेलमध्ये ८५ हा एक पॅरामीटर म्हणून, त्याच्यामागचं गृहीतक आणि मालक यांच्यासकट ठेवला असेल आणि स्टेशनच्या उपलब्धतेच्या आकड्यांशी जोडलेला असेल तर ही विसंगती मॉडेल स्वतःच दाखवतं. सिसएमएलच्या पॅरामेट्रिक डायग्रॅमचा (आकड्यांमधली नाती मांडणाऱ्या) लाइन प्लॅनिंगमध्ये खरा उपयोग हाच, मोठमोठी समीकरणं सोडवणं नाही.

इथे एक सीमा आखून घ्या. बफर किती मोठा हवा, कुठे ठेवला तर किती नग वाढतात, हे सिसएमएलमध्ये काढायचा प्रयत्न करू नका. बिघाड कधी होणार हे रँडम असतं, त्याला डिस्क्रीट इव्हेंट सिम्युलेशनच लागतं, प्लांट सिम्युलेशन, एनीलॉजिक, फ्लेक्ससिम यातलं जे तुमच्याकडे असेल ते. मॉडेलचं काम एवढंच की सिम्युलेशनला जाणारे आकडे एकाच ठिकाणाहून जावेत आणि उत्तर परत तिथेच यावं. लेआउटची भूमिती कॅडमध्येच राहू द्या, रोबोटचे पाथही ज्या त्या सॉफ्टवेअरमध्ये. मॉडेलमध्ये प्रत्येक गोष्ट परत बनवायला गेलात तर ते कायम शिळं राहणार आणि शिळ्या मॉडेलवर कोणीच विश्वास ठेवत नाही, आणि एकदा विश्वास गेला की लोक गुपचूप परत आपापल्या एक्सेलवर जातात.

वेळेच्या प्रत्येक आकड्याला तो कुठून आला ते लावणं मात्र सोडू नका. एमटीएमने (हातांच्या हालचालींच्या ठरलेल्या वेळा जोडून) काढलेला, ट्रायलवर मोजलेला, की मशीन सप्लायरने कोटेशनमध्ये लिहिलेला, हे तीन सारखे नाहीत. सप्लायरचा सायकल टाइम कित्येकदा पार्ट क्लॅम्प झाल्यापासून धरलेला असतो, लोडिंग, पॅलेट सरकणं, स्कॅनिंग हे त्यात नसतं. मॉडेलमध्ये आकड्यासोबत सुरुवात कुठून आणि शेवट कुठे हेही लिहा. छोटी गोष्ट आहे पण ५१ सेकंदात ४ सेकंद इकडे तिकडे झाले तर स्टेशन बॉटलनेक होतं.

व्हेरिएंटच्या बाबतीत तर मॉडेल नसेल तर मला प्लॅनिंग करायला भीतीच वाटते. समजा एका स्टेशनवर साध्या पंपाला ४५ सेकंद लागतात आणि सेन्सरवाल्याला ६२, सेन्सरवाले २० टक्के. सरासरी ४८.४, ५१ च्या आत, शीट हिरवी. पण सरकत्या लाइनवर सेन्सरवाला आला की ऑपरेटर ११ सेकंद मागे पडतो आणि साध्या पंपावर ६ सेकंद भरून काढतो. म्हणजे एका सेन्सरवाल्यानंतर किमान दोन साधे यायलाच हवेत. तीन सेन्सरवाले लागोपाठ आले की ३३ सेकंदांची तूट, ऑपरेटर पुढच्या स्टेशनमध्ये शिरलेला, किंवा लाइन थांबलेली. म्हणजे या स्टेशनचं बॅलन्स बरोबर आहे की नाही हे त्या स्टेशनवर ठरतच नाही, ते शेड्युलिंगवर ठरतं. "दोन सेन्सरवाल्यांमध्ये किमान दोन साधे" ही आता एक रिक्वायरमेंट झाली आणि तिची मालकी एमईएस (शॉपफ्लोअरवरचं प्रॉडक्शन चालवणारं सॉफ्टवेअर) किंवा प्रॉडक्शन कंट्रोलची आहे, असेम्ब्ली प्लॅनरची नाही. अशी रिक्वायरमेंट एका विभागात जन्मते आणि दुसऱ्याने पाळायची असते, त्या दोघांच्या मिटिंग वेगळ्या, फाइली वेगळ्या, आणि ती मध्येच हरवते. सिसएमएलमध्ये रिक्वायरमेंट, ती कोणापासून निघाली, कोण पूर्ण करतं, कशाने तपासली जाते, हे दुवे मुळातच दिलेले आहेत. ते वापरा. लाइन ही नुसती स्टेशनची रांग नसून शेड्युलिंग, मटेरियल फीडिंग, माणसं, मशीन सगळं मिळून एक सिस्टिम आहे हे म्हणायला सोपं आहे, या दुव्यांमुळे ते रोजच्या कामात उतरतं.

आता तुमच्या मूळ दुखण्याकडे येतो, डिझाइन चेंज. पंपाच्या कव्हरला ६ च्या जागी ८ बोल्ट करायचे ठरले, डिझाइनच्या बाजूने कारण योग्य आहे, ओ-रिंगवरचा दाब एकसारखा हवा. चेंज नोटमध्ये एकच ओळ येते. लाइनवर काय होतं ते बघा. एका स्पिंडलने (बोल्ट आवळणाऱ्या टूलच्या डोक्याने) बोल्टला ४ सेकंद धरले तर ८ सेकंद वाढले, स्टेशन ४७ वरून ५५ वर गेलं, ५१ च्या बाहेर. मग कोणी म्हणतं मल्टिस्पिंडल लावू. बोल्ट सर्कल १२० मिलिमीटरचं असेल तर ६ बोल्टमध्ये शेजारच्या दोघांतलं अंतर ६० होतं, ८ मध्ये ते जेमतेम ४६ मिलिमीटर उरतं, स्पिंडलचा व्यास ५० असेल तर शेजारशेजारचे एकदम घेता येत नाहीत, समोरासमोरची जोडी घ्यावी लागते, जे तसंही ओ-रिंग सारखी दबायला बरंच. नटरनरच्या (बोल्ट आवळणाऱ्या मशीनच्या) कंट्रोलरचा प्रोग्रॅम बदलला, बोल्ट मोजणारं पोकायोके (चूक अडवणारी तपासणी) ६ वर थांबत होतं ते ८ वर न्यायचं, ट्रेसेबिलिटीच्या रेकॉर्डमध्ये दोन टॉर्क व्हॅल्यूंची जागा वाढवायची, बोल्ट फीडर किंवा बिनची भरायची फ्रिक्वेन्सी वाढली, पीएफएमईएमधल्या ओळी, वर्क इन्स्ट्रक्शनमधलं चित्र, आणि रिवर्क स्टेशनवर उघडायचा वेळसुद्धा.

या यादीत एकही गोष्ट अशी नाही की अनुभवी माणसाला सुचणार नाही. पण सगळ्या एकाच माणसाला, शुक्रवारी संध्याकाळी, सुचतील याची खात्री नाही. मॉडेलमध्ये कव्हर-हाउसिंग या जोडापासून दुवे धरून पुढे गेलं की ऑपरेशन, ऑपरेशनपासून रिसोर्स, कंट्रोल, फेल्युअर मोड, डेटा रेकॉर्ड, सगळं एका क्वेरीत येतं. निर्णय माणसानेच घ्यायचा, मॉडेल फक्त काही सुटू देत नाही. पीएफएमईएसाठी तर हे फारच जमतं, कारण एआयएजी आणि व्हीडीए या वाहन उद्योगाच्या संघटनांच्या २०१९ च्या सात टप्प्यांच्या पद्धतीत तयारीच्या पहिल्या टप्प्यानंतर लगेच स्ट्रक्चर आणि फंक्शन ॲनॅलिसिस येतात आणि तुमच्या मॉडेलमध्ये नेमकं तेच तयार असतं, वेगळं परत लिहायची गरज नाही.

शब्द स्वतः शोधत बसू नका, तयार आहेत. प्लांटपासून वर्क सेंटर, वर्क युनिटपर्यंतची उतरंड आयएसए-९५ या स्टँडर्डमधून, म्हणजे आयईसी ६२२६४ मधून घ्या, पुढे एमईएसला जोडताना त्रास वाचतो. मशीनच्या स्टेटसाठी पॅकएमएलच्या १७ स्टेट बघा, पॅकेजिंगसाठी बनल्या असल्या तरी असेम्ब्लीच्या ऑटोमॅटिक स्टेशनला बऱ्यापैकी लागू पडतात, "मशीन बंद" म्हणजे बिघाड, पुढे जागा नाही की मागून माल नाही हे वेगळं कळणं सिम्युलेशनसाठी सोन्यासारखं आहे. कंट्रोल इंजिनिअरिंगच्या सॉफ्टवेअरशी देवाणघेवाण करायची तर ऑटोमेशनएमएल, आयईसी ६२७१४. हे सगळं पहिल्या दिवशी नको, पण नावं देताना डोळ्यासमोर असू द्या.

सिसएमएल किती शिकायचं? व्हर्जन १ मध्ये नऊ प्रकारचे डायग्रॅम आहेत, तुम्हाला सुरुवातीला चार पुरतात: ब्लॉक डेफिनिशन, ॲक्टिव्हिटी, रिक्वायरमेंट आणि पॅरामेट्रिक, आणि सगळ्यात जास्त वापराल ती ॲलोकेशन मॅट्रिक्स, जी धड डायग्रॅमही नाही, तक्ताच आहे. सिसएमएलचं प्रमाण ठरवणाऱ्या ओएमजी या संस्थेने २०२५ मध्ये व्हर्जन २ अधिकृत केलं, ते यूएमएलवर (सॉफ्टवेअर डिझाइनच्या मॉडेलिंगच्या भाषेवर) उभं नाही, त्याला टेक्स्ट स्वरूपही आहे आणि दुसरी सॉफ्टवेअर जोडायला प्रमाणित एपीआय आहे. प्लॅनरच्या दृष्टीने टेक्स्ट स्वरूप महत्त्वाचं, कारण मागच्या आठवड्यापासून नेमकं काय बदललं हे दोन फाइली शेजारी ठेवून ओळीओळीने बघता येतं, डायग्रॅममध्ये ते शोधताना डोळे फुटतात. नव्याने सुरू करत असाल तर व्हर्जन २ कडे बघूनच सुरू करा, टूल तुमच्या गरजेपुरतं तयार आहे का ते तपासून.

आणि हे कोणी करायचं यात तडजोड नको. वेगळी मॉडेलिंग टीम बसवून प्लॅनर त्यांना माहिती "देणार" अशी रचना मी टिकलेली पाहिलेली नाही. मॉडेलची मालकी मॅन्युफॅक्चरिंग इंजिनिअरची, ज्याला लाइन चालवून दाखवायची आहे त्याची. सिसएमएल चांगलं येणारा एक माणूस शेजारी असावा, नियम बनवायला, स्क्रिप्ट लिहायला, रात्रीची तपासणी लावायला, की कुठलं ऑपरेशन अजून कुठल्याच स्टेशनला दिलेलं नाही, कुठल्या स्पेशल कॅरॅक्टरिस्टिकला तपासणारं ऑपरेशन नाही, कुठलं स्टेशन ५१ च्या वर गेलं. सकाळी ही यादी सगळ्यांच्या मेलमध्ये पडली की मॉडेल अपडेट ठेवायला कोणाच्या मागे लागावं लागत नाही. प्रॉडक्शन, मेंटेनन्स, क्वालिटी यांना डायग्रॅम दाखवू नका, त्यांना त्यांच्या ओळखीचे तक्ते मॉडेलमधूनच काढून द्या, स्टेशनवार कामांची शीट, टूल लिस्ट, कंट्रोल प्लॅन. स्टेशन नंबर त्यांच्या तक्त्यात असणारच, फक्त तो आता ॲलोकेशनमधून आपोआप आलेला असेल, टाइप केलेला नाही.

आकार लहान ठेवा. अख्खी लाइन नको, जिथे चेंज सगळ्यात जास्त येतात असा एक भाग निवडा, तीस-चाळीस ऑपरेशनचा, तुमच्या बाबतीत बहुधा टाइटनिंग आणि लीक टेस्टच्या आसपासचा असेल. जोड, ऑपरेशन, कारणांसकट बाण, रिसोर्स, वेळा, एवढंच भरा. मग तीन प्रश्न विचारून बघा: हे एक ऑपरेशन शेजारच्या स्टेशनवर हलवलं तर कुठली डॉक्युमेंट बदलतात, हा एक जोड बदलला तर काय काय हलतं, आणि मागणी २० टक्क्यांनी वाढली तर कुठली स्टेशन आधी कमी पडतात. टूल विकणाऱ्यांनाही त्यांच्या तयार डेमोवर नाही, तुमच्या याच चाळीस ऑपरेशनवर हे तीन प्रश्न सोडवायला लावा. टूल कॅमिओ असो, एंटरप्राइज आर्किटेक्ट असो की फुकट मिळणारं कॅपेला, हेच करा; कॅपेलाची भाषा सिसएमएल नाही पण लॉजिकल आणि फिजिकल वेगळं ठेवायची शिस्त त्यात पक्की आहे. आणि सगळा डेटा दुव्यांसकट बाहेर काढून दुसरीकडे वाचता येतो का ते विकत घ्यायच्या आधी स्वतः करून बघा, कारण लाइन दहा-पंधरा वर्षं चालते आणि सॉफ्टवेअरचं लायसन तेवढी वर्षं तुमच्याकडे राहीलच असं नाही.